नोकरी सांभाळून भूविज्ञानात एम.एस्सी. : मदत हवी आहे

सर्वांना सविनय नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते, शिक्षण बी.एस्सी. (रसायनशास्त्र), बी.एड. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्याकडे अजूनही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळतो, त्यामुळे मुलांचे प्रश्न पाठ्यपुस्तकापाशी थांबत नाहीत. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने विहिरीच्या खोदकामात निघालेला, आत पांढरे स्फटिक असलेला काळ्या दगडाचा तुकडा टेबलावर आणून ठेवला. बेसॉल्टमधील (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकातील) वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट हे स्फटिकरूपी खनिज तयार होते एवढे मी सांगितले, पण ‘बाई, मग ते सगळ्या पोकळ्यांत का नाही?’ या प्रश्नावर माझी गाडी अडली.

दूरशिक्षणातून भूगोलाची पदव्युत्तर पदवी घेता येईल, हे मला ठाऊक आहे. परंतु मला खडकांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आहेत आणि (गुडघे साथ देतील तोवर) क्षेत्रभेटीही करायच्या आहेत. बी.एस्सी.ला भूविज्ञान नसताना एम.एस्सी.ला कोठे प्रवेश मिळतो, प्रात्यक्षिके सुट्टीत पूर्ण करता येतात का, आणि अध्ययन रजेसाठी कोणती कागदपत्रे जोडावी लागली, हे या वाटेने गेलेल्या शिक्षकांनी कृपया सांगावे.