शेतावर, स्वयंपाकघरात कसली उपासना?

‘कामाच्या रगाड्यात तासभर बसून प्रार्थना होत नाही, म्हणून रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) तरी चुकवायची नाही,’ असं एकाने लिहिलंय. रविवारचं पटलं. पण रोजच्या उपासनेला तासभर बसावंच लागतं, हे मला मान्य नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘लात्रेया’, म्हणजे देवाची सेवा आणि उपासना दोन्ही. शरीर तर दिवसभर कामातच असतं ना!

माझी आजी वसईची. केळीच्या वाडीत पाणी सोडत असायची. दुपारी १२ला चर्चची घंटा व्हायची, तीन ठोके, थांबून तीन, पुन्हा तीन. (आंजेलस म्हणजे मरियेला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाची आठवण करणारी छोटी प्रार्थना. तिची ही घंटा सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ अशी तीनदा होते.) आजी फावडं तिथेच चिखलात उभं रोवायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि ओल्या हातानेच क्रुसाची खूण करायची. दोन-तीन मिनिटांची प्रार्थना, की लगेच फावडं हातात. पण त्यानंतर बराच वेळ ती कुणावर आवाज चढवत नसे, वाटेकऱ्यावरसुद्धा नाही. हे मी लहानपणी कितीतरी वेळा पाहिलंय. आता शहरात घंटा ऐकू येत नाही, म्हणून मी मोबाइलवर १२चा गजर लावलाय. लोकलमध्ये असले तर उभ्या उभ्याच म्हणते. करून बघा, खरंच जमतं.