पीयूसी म्हणते पेट्रोल जास्त, स्कॅनर म्हणतो कमी. जुन्या टर्बोचं नेमकं काय?

जुनीच_बरी (कोथरूड):
मंडळी, गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल. पासिंग रिन्यू झालंय, इंजिन कधी खोललेलं नाही, ऑइल खात नाही. पीयूसी संपली म्हणून दोन चौकांवरच्या पंपावर घेऊन गेलो. सायलेन्सरात नळी घातली तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.६ टक्के! आपल्या बीएस-३ गाड्यांना मर्यादा ०.५. एचसी (न जळलेलं पेट्रोल) ४२० आलं, ते ७५० च्या आत आहे. पीयूसीवाला पोरगा म्हणे, "काका, पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर ट्यून करून आणा." आता हिला कार्बोरेटर कुठून आणू?

घरी येऊन स्कॅनर लावला, तर कोड पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा, आयडलला +२१, २५०० आरपीएमला धरली की +११. एक मशीन म्हणतं जास्त, दुसरं म्हणतं कमी. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर, एअरफ्लो मीटर, मग इंजेक्टर अशी यादीच दिली. आकडा ऐकून बायको म्हणाली, त्यापेक्षा गाडीच बदल.

जुन्या कात्रज घाटात ओढ पूर्वीसारखीच आहे, काळा धूर नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला टिकटिक येते, जरा तापली की जाते. टॅपेट असावेत. विमा पुढच्या आठवड्यात संपतोय, त्यामुळे घाई आहे.

घाटरस्ता:
सोपं आहे. गाडी खेड शिवापूरपर्यंत दामटा, तापलेली तशीच पंपावर न्या. पास.

आकडेमोड:
ट्रिममधला थोडा भाग पेट्रोलचाच आहे. साध्या पेट्रोलला हवा साधारण १४.७ पट लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉलवालं) १३.५ च्या आसपास. तुमचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि कमी पडलं की वाढवतो. सहा-आठ टक्के त्यातच गेले. तेवढ्यासाठी काही बदलू नका.

नानापेठी:
आकडेमोड यांचं बरोबर, पण २१ मधून ८ गेले तरी १३ उरतातच. त्यांचा हिशोब लावू.

एअरफ्लो मीटरच्या पुढे कुठे पाईप फाटून न मोजलेली हवा आत येत असती, तर ट्रिम असाच प्लसमध्ये गेला असता. पण मग ईसीयूने पेट्रोल वाढवून मिक्स्चर जागेवर आणलं असतं, सीओ १.६ आला नसता. टर्बोनंतरचा प्रेशरचा पाईप गळत असता तर मोजलेली हवा बाहेर गेली असती, चढावर गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन काळा धूर सोडला असता आणि ओढ गेली असती. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. म्हणजे ईसीयूला कोणीतरी फसवतंय.

ती टिकटिक टॅपेटची नाही असं माझं मत. टर्बो आणि डाउनपाईप (टर्बोतून खाली जाणारा एक्झॉस्टचा पाईप) यांच्यामधलं गास्केट बघा. एक्झॉस्ट धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मधे आतला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा खाली जातो. तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढेच ऑक्सिजन सेन्सर बसलाय. त्याला ऑक्सिजन दिसला की तो लीनची बोंब मारतो, ईसीयू बिचारा पेट्रोल ओततो. रेस दिली की प्रवाह वाढतो आणि हवा ओढली जाणं कमी होतं, म्हणून २५०० ला ट्रिम निम्म्यावर. तापल्यावर लोखंड फुगून आवाज दबतो, फट पूर्ण बुजत नाही.

आता घाटरस्ता यांचं. ते अर्धं खरं आहे. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तापलेला आणि धडधाकट असता तर बराचसा सीओ त्यातच जळून गेला असता. दोन चौकांत कॅट तापत नाही, आणि तुमचा वीस वर्षांचा म्हातारा आहे. पण फट तशीच ठेवून दामटत राहिलात तर जादा पेट्रोल आणि हवा दोन्ही कॅटमध्येच जळणार. मग तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट.

तपासायचं असं: इंजिन बंद आणि पूर्ण थंड. व्हॅक्यूम क्लीनर उलटा, म्हणजे ब्लोअरला लावून सायलेन्सरच्या तोंडात कापडाने घट्ट बसवा. हीट शील्ड काढून जॉइंटवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले की विषय संपला. आणि व्हिडिओ बघून गरम टर्बोशेजारी कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते.

सेन्सर जिवंत आहे का ते फुकटात कळतं. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबा, स्कॅनरवर लॅम्डा (मिक्स्चरचा आकडा) १ च्या खाली, म्हणजे रिचकडे, यायला हवा. पाय सोडला की एकदम लीन. दोन्ही दाखवलं तर सेन्सरला हात लावू नका.

जुनीच_बरी:
नानापेठी, दंडवत! डाउनपाईपच्या जॉइंटला खालच्या बाजूने फेसच फेस. एक नट जागेवरच नव्हता आणि गास्केट त्या कोपऱ्यात काळं पडून कागदासारखं सोललेलं. सेन्सर तुम्ही सांगितलं तसाच वागतोय. गास्केट टाकलं, कोड उडवला, थोडे दिवस चालवली. ट्रिम आयडलला +८, २५०० ला +७. सिंहगड रोडला फिरवून तापवली आणि त्याच पोराकडे नेली. सीओ ०.३४, एचसी १४०. "केला ना कार्बोरेटर?" म्हणाला. हो म्हटलं.

नट सध्या साधेच लावलेत. चालतील का?

नानापेठी:
नाही. उष्णतेने सैल होतील. तांब्याचा मुलामा असलेले लॉकनट घ्या, नाना पेठेत सुटे मिळतात. एक स्टड सोबत घेऊन जा, आटा जुळवून बघा. आणि बदलायला लागाल तेव्हा बाकीचे स्टडही बघून घ्या, एकाचा नट गळाला म्हणजे शेजारच्यांनी तो भार सोसलाय.