‘मिशिगन सोडलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

पाटीपेन्सिल: २००८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. २ ऑक्टोबरला रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांच्या प्रचारयंत्रणेने मिशिगनमधल्या टीव्ही जाहिराती बंद केल्या, टपालाने जाणारी पत्रकं थांबवली आणि माणसं इतर चुरशीच्या राज्यांत हलवली. अनुवादात ‘मॅकेन यांनी मिशिगन राज्य सोडले’ असं लिहिलं. तपासणाऱ्यांचे आक्षेप दोन. राज्य सोडलं म्हणजे गादी सोडली असं वाटतं. शिवाय आपल्याकडे निवडणुकीत ‘जागा सोडणे’ म्हणजे ती मित्रपक्षाला देणे. दोन्ही आक्षेप पटले. मग क्रियापद कोणतं?

मोरपीस: ‘मिशिगनवर पाणी सोडले’. दान देताना हातावरून उदक सोडतात, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. इथे तेच घडलं, मिशिगनच्या १७ निर्वाचक मतांवरचा (राज्य जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या, अध्यक्ष ठरवणाऱ्या मतांवरचा) दावा सोडला. ‘तुळशीपत्र ठेवले’ही चालेल, पण त्यात त्यागाचं पुण्य येतं. ते इथे नको.

घाटवाट: पाणी सोडणे ही शेवटची पायरी झाली. त्याआधी बरंच काही होतं आणि मराठीत प्रत्येकाला शब्द आहे. पहिली कात्री टीव्ही जाहिरातींना लागते, कारण त्यांच्या वेळा आधीच आरक्षित असल्या तरी रद्द करता येतात. हा ‘हात आखडता घेणे’. कार्यालयं आणि पगारी माणसं मागाहून हलतात, तो ‘गाशा गुंडाळणे’. डेमोक्रॅटिक उमेदवार गोर यांनी २००० साली ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओहायोतल्या जाहिराती थांबवल्या. तिथली २१ निर्वाचक मतं त्यांनी साडेतीन टक्क्यांच्या फरकाने गमावली आणि फ्लोरिडाची २५ निर्वाचक मतं मतदारांच्या अवघ्या ५३७ मतांनी. त्या ओहायोला मी ‘हात आखडता घेतला’ म्हणेन. मॅकेन यांनी मात्र सगळ्या पायऱ्या एकदम ओलांडल्या.

मोरपीस: ‘गाशा’ अरबी-फारसीकडचा आहे. पाणी, उदक, तुळस घरात असताना तो कशाला?

घाटवाट: गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं कापड. तळ हलवताना ते गुंडाळायचं. माणसं आणि सामान एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात नेण्याला याहून नेमका शब्द दाखवा. पेशवाईची पत्रं फारसी शब्दांनी भरलेली आहेत, म्हणून ती मराठी नाहीत का?

काजवा: क्रियापदापेक्षा गुपचूपपणा महत्त्वाचा. माघार सहसा जाहीर करत नाहीत. जाहीर केली की त्या राज्यातले सिनेटचे आणि प्रतिनिधिगृहाचे आपलेच उमेदवार उघडे पडतात, स्वयंसेवक घरी बसतात आणि प्रतिस्पर्धी तिथला पैसा दुसरीकडे नेतो. तरी लपत नाही. टीव्ही केंद्रांना राजकीय जाहिरातींची नोंद लोकांसाठी खुली ठेवावी लागते, त्यामुळे आरक्षण रद्द झालं की समोरच्याला कळतं. म्हणून ‘काढता पाय घेतला’ सुचवतो. त्यात न बोलता निघणं आहे.

पाटीपेन्सिल: पण मॅकेन यांच्या बाबतीत बातमी उघड झाली होती. त्यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार पेलिन यांनी जाहीर नापसंतीही दाखवली.

काजवा: मग तिथे ‘काढता पाय’ बसत नाही, मान्य.

रानजाई: २०१६चं विस्कॉन्सिन यात कुठे बसवणार? पक्षाच्या अधिवेशनानंतर डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन तिथे एकदाही गेल्या नाहीत. १० निर्वाचक मतं मतदारांच्या २२,७४८ मतांनी गेली. ही माघार नव्हती, राज्य आपलंच आहे ही खात्री होती. ‘गृहीत धरले’ म्हणा. हरण्याच्या खात्रीने जाणं आणि जिंकण्याच्या खात्रीने न जाणं, या दोन्हींना ‘दुर्लक्ष’ म्हटलं की वाचकाला कारणच कळत नाही.

मुळात ‘स्विंग स्टेट’साठी वापरतात तो ‘झुलते राज्य’ हा शब्दही मला खटकतो. झुलतो तो पूल किंवा पाळणा. ‘चुरशीचे’ म्हणजे जिथे मतांचा फरक कमी. ‘कळीचे’ म्हणजे जे पदरात पडल्याशिवाय अध्यक्षपदाला लागणारा २७० निर्वाचक मतांचा आकडा गाठता येत नाही. एखादं राज्य चुरशीचं असूनही कळीचं नसतं. ते हातात आलं तर बाकीची आधीच आलेली असतात. तिथे पैसा ओतणं वाया.

मोरपीस: कळीचा संबंध कलहाशी. कळीचा नारद आठवा.

रानजाई: नारदाची कळी कलहाची खरी, पण ‘कळीचा मुद्दा’ यंत्राच्या कळीचा आहे. कळ फिरवली की कुलूप उघडतं.

मोरपीस: पटत नाही. मुद्द्यावरूनच तर भांडण होतं.

घाटवाट: ‘राज्य’ तरी हिशेबाचं एकक कुठे आहे? जाहिराती टीव्हीच्या बाजारपेठेप्रमाणे विकत घ्याव्या लागतात आणि बाजारपेठ सीमा पाळत नाही. पेन्सिल्व्हेनियासाठी फिलाडेल्फियात जाहिरात घेतली की दक्षिण न्यू जर्सी आणि डेलावेअरचे प्रेक्षकही त्या पैशात येतात. न्यू हॅम्पशायरची निर्वाचक मतं फक्त ४, पण तिथल्या बहुतेकांपर्यंत पोचायला बोस्टनचा दर मोजावा लागतो. म्हणून दर निर्वाचक मतामागे खर्च किती, हे पाहूनच राज्य ठेवायचं की नाही ठरतं.

पाटीपेन्सिल: आणि नेब्रास्का, मेन? तिथे राज्यभराच्या विजेत्याला २ निर्वाचक मतं आणि उरलेली प्रतिनिधिगृहाच्या जिल्ह्यांप्रमाणे, एकेक. २०२४ साली पेन्सिल्व्हेनिया १९, मिशिगन १५, विस्कॉन्सिन १० ही तिन्ही मिळाली असती तरी डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांना २७० गाठायला नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या जिल्ह्याचं एक मत लागलंच असतं. ते नसतं तर २६९-२६९. त्या एका जिल्ह्याला काय म्हणायचं?

काजवा: मतदारसंघ.

मोरपीस: मतदारसंघ म्हटलं की वाचक आमदार शोधणार. आणि ‘राज्य’ तरी कशाला? ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असं छापत होतोच की. ‘मिशिगन संस्थानावर पाणी सोडले’ लिहा, गादीचा गोंधळ मिटेल.

रानजाई: उलट वाढेल! संस्थान म्हटलं की कोल्हापूर, सांगली डोळ्यांसमोर येतात. गादी तर तिथेच होती.