विषय: जानेवारीत बेसमेंट की टूसॉन?

प्रेषक: निखिल (एडन प्रेरी, मिनेसोटा)

नमस्कार मंडळी,

एप्रिलअखेरीस टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या वुडलंड्सला आयर्नमॅन करतोय. पहिलीच. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, वर ४२.२ किमी धावणं. आपल्याकडे तोवर तळ्यांवरचा बर्फ जेमतेम वितळलेला असतो, आणि सायकल नोव्हेंबरपासून बेसमेंटमध्ये ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायचा स्टँड) अडकून पडली आहे. दोघे मित्र जानेवारीत दहा दिवस ॲरिझोनात टूसॉनला निघालेत, मलाही चल म्हणतात. तिथे तेव्हा दुपारी अठरा-एकोणीस अंश, आणि माउंट लेमनचा घाट. पण रजा उरल्यात चौदा. दहा तिकडे गेल्या तर आईबाबांना भेटायला पुण्याला जायचं बोंबललं. बायको काही बोललेली नाही, फक्त काल चहाचा कप जरा जोरात ठेवला. ही शर्यत कुणी केली असेल तर सांगा.

निखिल

प्रेषक: मेधा

निखिल,

कपाचं तू बघ. बाकीचं सांगते, कारण मी ही शर्यत केली आहे आणि त्याआधी जानेवारीत टूसॉनलाही जाऊन आले आहे.

जाऊ नकोस. टूसॉन झकास आहे, प्रश्न तो नाही. लेमनच्या पायथ्याशी सग्वारो निवडुंग, चाळीसेक किलोमीटर चढून गेलं की पाइनची झाडं आणि बर्फ. वर पोचल्यावर मला केळं सोलता येईना आणि उतरताना ब्रेक दाबायला बोटं वळेनात. मिनेसोटाची थंडी तिकीट काढून बघायला गेल्यासारखं झालं.

पण तुझी शर्यत कशी आहे ते आधी बघ. सायकलचा बराचसा भाग हार्डी टोल रोडवर, पोळपाटासारखा सपाट आणि वर वारा. चढ नाही म्हणजे उतारही नाही, म्हणजे पाय थांबवायला जागा नाही. पाच-सहा तास एरोबारवर (हँडलवरचे पुढे आलेले दांडे) कोपरं टेकून एकसारखं पेडल मारत बसायचं. मी घाट चढून पाय घडवले, आणि शर्यतीत ११० किमीला माझी मान आणि खांदे संपले. पाय ठणठणीत होते, काय उपयोग! हे बसणं शिकवायला ट्रेनरइतका खाष्ट मास्तर नाही. तिथे ना सिग्नल, ना उतार, पाय थांबले की चाक थांबलं. कॅनडाचा लायनल सँडर्स विंडसरच्या घरात ट्रेनरवर तासन्‌तास काढायचा, आणि २०१७ साली हवाईत कोनाला आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला.

दुसरं, ऊन. ह्यूस्टनकडचं ऊन म्हणजे मुंबईचा मे, घाम सुकतच नाही. टूसॉनची हवा कोरडी, जानेवारीत तर गारच. शिवाय उन्हाची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत लागते. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडतात. पण ती सुटतेही तशीच, दोन-तीन आठवड्यांत बरीचशी. जानेवारीची कमाई एप्रिलपर्यंत कुठली टिकायला? त्यापेक्षा एप्रिलमध्ये व्यायाम झाला की लगेच गरम पाण्याच्या टबात बस. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात हे करून पाहिलंय: ४० अंशांचं पाणी, जास्तीत जास्त ४० मिनिटं, ओळीने सहा दिवस. थर्मामीटर लाव, अंदाजाने नको. घरात कुणीतरी असताना कर आणि उठताना सावकाश. मी पहिल्याच दिवशी ताडकन उठले आणि टॉवेलच्या दांडीसकट खाली आले. दांडी अजून वाकडी आहे.

आता ट्रेनर जे शिकवत नाही: आडवा वारा, चालत्या सायकलवरून बाटली उचलणं, वळणं. त्यासाठी मार्चअखेरीस दोन दिवसांची रजा घालून ह्यूस्टन गाठ आणि शर्यतीच्या आसपासच्या रस्त्यांवर सायकल चालव. डिरेलर हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा ज्यावर बसते तो छोटा तुकडा) जास्तीचा बरोबर ठेव. परतताना माझा विमानात वाकून आला होता, आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असल्यामुळे दुकानात मिळेलच असं नाही.

बेसमेंटमध्ये फ्रेमवर टॉवेल टाक, घामाच्या मिठाने हँडलचे बोल्ट गंजतात. आणि एक पंखा पुरत नाही.

मेधा

प्रेषक: काका (मेपल ग्रोव्ह)

मी सगळ्यांना मेल करून संक्रांतीच्या तिळगुळाचा हिशेब मागितला होता, त्यावर उत्तर आलं टबाच्या पाण्याचं! बाळांनो, नुसता विषय बदलून रिप्लाय-ऑल दाबण्याआधी मूळ मेल कशाची आहे ते बघत जा. असो, वाचलं सगळं. एक भाबडी शंका. उकाडाच हवा असेल तर पुण्याला का नाही जात? आईबाबाही भेटतील.

प्रेषक: मेधा

काका, जानेवारीत पुण्यात सकाळी स्वेटर लागतो! उकाडा नाही मिळायचा. पण निखिल, तू जाच. सायकल मात्र नेऊ नकोस, त्या ट्रॅफिकमध्ये दहा दिवसांसाठी जीव कशाला टांगणीला लावतोस. पहाटे धाव, एक-दोनदा सिंहगड पायी चढ. वर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाल्लंस तर धावत उतरू नकोस, अनुभवाने सांगते. बायकोलाही ने.

प्रेषक: निखिल

मेधाताई, मानलं. दहा दिवस पुणे, दोन ह्यूस्टन, दोन शर्यतीचे, चौदा रजा बरोब्बर संपल्या. मित्रांना नाही म्हणून कळवलं. घरी सांगितल्यावर चहा आज बिनआवाजाचा आला. कुणाकडे जास्तीचा पंखा आहे का?

प्रेषक: काका (मेपल ग्रोव्ह)

माझ्या गराजमध्ये एक आहे, गोदामात लावतात तसला, थेट कमरेएवढा. शनिवारी ये आणि घेऊन जा, येताना तिळगुळाचे पैसे आण. आवाज मात्र ट्रॅक्टरसारखा करतो, तेव्हा बेसमेंटमध्ये लावण्याआधी घरात विचार.