मदत हवी आहे : स्थलांतरितांच्या कविता आणि कोकणातल्या ओव्या

स्थलांतरित कुटुंबांची गरिबी आणि त्यांच्या वाट्याला आलेला वर्णभेद कवितेत कसा उतरतो, यावर मी रत्नागिरीत राहून लघुप्रबंध लिहीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावरच्या स्थलांतरित-तपासणी केंद्रात १९१० ते १९४० या काळात अडकवून ठेवलेल्या चिनी लोकांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या; घरच्या दारिद्र्यापायी समुद्र ओलांडला आणि दारातच अडवले गेलो, ही सल त्यांत वारंवार येते. त्यांच्याशेजारी मला मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांच्या घरच्या ओव्या ठेवायच्या आहेत. जातीचा अपमान आणि वर्णभेद एकच नव्हेत, त्यामुळे सरसकट तुलना करणार नाही.

नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) वाचले आहेत. परंतु तो आवाज शहरातल्या माणसाचा आहे आणि मला जात्यावर बसून मनिऑर्डरीची वाट पाहणारी, मागे राहिलेली बाई हवी आहे. महाविद्यालयाचे आणि शहरातले ग्रंथालय पाहून झाले, गावातल्या चार आजींच्या ओव्याही ध्वनिमुद्रित केल्या. गणपतीपर्यंत मुंबईला जाणे शक्य नसल्याने छापील किंवा स्कॅन केलेले साहित्यच उपयोगी पडेल.

चाकरमान्यांच्या बायकांच्या अशा ओव्या, गावाच्या नावासह, कोणत्या संग्रहात मिळतील?