डोळेच नसलेला कोळी ओळखायचा कशावरून?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं कोळ्यांचे फोटो काढतोय आणि ओळखताना माझी पहिली पायरी कायम डोळे. किती आहेत, कशा ओळींत बसलेत एवढं कळलं की निदान फॅमिलीपर्यंत तरी पोचता येतं. लांडगा कोळी म्हटलं की खाली चार बारके, त्यांच्यावर दोन टपोरे, मागे अजून दोन, आणि रात्री हेडटॉर्च लावून माळावर गेलं की गवतातून चमकतात तेच सांगतात आम्ही कोण ते. आता वाचनात आला हवाईतल्या काउआई बेटावरचा गुहेतला कोळी, अडेलोकोसा अनॉप्स. एकही डोळा नाही, आणि तरी त्याला लायकोसिडीत, म्हणजे लांडगा कोळ्यांतच ठेवलाय. नेमकं कशाच्या जोरावर? दुसरं म्हणजे कोकणात एका गुहेत मला फिकट पिवळसर कोळी दिसला, फोटोत डोळे दिसतच नाहीयेत, तोही तसलाच असू शकेल का?

अष्टपाद:
प्रश्न आवडला. डोळ्यांची मांडणी ही आपल्यासाठी सोपी खूण आहे, पण कोळ्याचं कूळ त्याच्या अख्ख्या शरीरात असतं. लांडगा कोळ्यांत पायांच्या टोकाला तीन नख्या असतात, पाय जिथे शरीराला जोडला जातो त्याच्या जवळच्या आखूड भागाला, ट्रोकँटरला, खालून खाच असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नराचा पाल्प, म्हणजे तोंडाजवळचं पायासारखं अवयव, ज्याच्या टोकाने नर वीर्य मादीत सोडतो. जवळच्या बऱ्याच फॅमिलींमध्ये पाल्पच्या टिबियावर, म्हणजे टोकाच्या आधीच्या भागावर, बाहेरच्या बाजूला एक काटा असतो, लांडगा कोळ्यांत तो नसतो. मादीचं एपिगाइन, म्हणजे पोटाखालचं जननांग, आणि नराचा पाल्प स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय जात ठरवायची नाही हा नियम डोळेवाल्या कोळ्यांनाही लागू आहेच, डोळे नसले की आपल्याला आठवतो एवढंच.

अनॉप्सचं वर्णन विलिस गर्टश यांनी १९७३ साली केलं आणि त्याच्यासाठी अडेलोकोसा हा प्रकारच (जीनस) नवा केला, आजही त्यात ही एकच जात आहे. अंगाची लांबी २ सेंटीमीटरपर्यंत, शिरोवक्ष लालसर तपकिरी, उदर फिकट, पाय नारिंगी आणि जवळजवळ आरपार दिसणारे. जबड्याच्या, म्हणजे चेलिसेराच्या, मागच्या कडेला तीन मोठे दात, ही खूण लक्षात ठेवा. जाळं विणत नाही, चालत फिरून शिकार करतो, म्हणजे वागणं लांडगा कोळ्याचंच.

पण वागण्यावर किती विसंबायचं तेही बघा. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी मागे स्पिनरेटला, म्हणजे धागा सोडणाऱ्या अवयवाला, चिकटवून फिरते हे आपण सगळे पाहतो. अनॉप्सची मादी ती तोंडात धरून नेते, आणि तसं करणारी फॅमिली म्हणजे वेगळीच, पिसॉरिडी! नुसती सवय बघून कोणी ओळखायला गेलं तर सरळ चुकीच्या घरात जाईल. अंडीही फक्त १५ ते ३०, बाहेरच्या मोठ्या लांडगा कोळ्यांची शंभराच्या वर जातात. थोडी पिल्लं, पण जन्मतःच मोठी.

सुमेधा_क:
अष्टपाद दादा, मस्त लिहिलंत. एक भर घालते. डोळे असे एका झटक्यात जात नाहीत हे बघायचं असेल तर लाओस बघा. पीटर येगर यांनी २०१२ मध्ये तिथल्या गुहेतल्या सिनोपोडा स्क्युरिऑनचं वर्णन केलं, हंट्समन कोळ्यांच्या फॅमिलीतला पहिला बिनडोळ्यांचा, आणि त्याच प्रकारातल्या गुहेतल्या इतर जातींत कुणाला सहा डोळे, कुणाला चार, कुणाला दोनच. हवाईच्या मोठ्या बेटावरही गुहेत राहणारा एक लांडगा कोळी आहे ज्याचे डोळे बारीक झालेत पण आहेत. म्हणून डोळ्यांची संख्या गुहेतल्या जातींत कुळाची खूण म्हणून वापरूच नये असं माझं ठाम मत आहे, ती संख्या कोळी गुहेत किती काळ आणि किती खोल राहिला त्याच्याशी जास्त जोडलेली असते.

रानवाटा:
दोघांचेही आभार, पिसॉरिडीचा मुद्दा तर डोक्यातच नव्हता. पण एवढा शिकारी कोळी तिथे अंधारात खातो काय?

अष्टपाद:
मुख्य भक्ष्य म्हणजे तिथलाच एक ॲम्फिपॉड, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, तोही आंधळा. हे दोघे काउआईच्या दक्षिणेला कोलोआच्या आसपासच्या लाव्हा नळ्यांमध्ये राहतात. लाव्हा वाहताना वरचा थर थंड होऊन कवच होतं, आतला वाहून जातो, बोगदा उरतो. वरच्या झाडांची मुळं त्या बोगद्यात उतरतात, ती मुळं आणि कुजका पाला ॲम्फिपॉड खातो आणि ॲम्फिपॉडला कोळी. सगळं ओलाव्यावर चालतं, हवा कोरडी पडली की कोळी टिकत नाही. म्हणूनच वर बांधकाम झालं, झाडं गेली, पाणी उपसलं किंवा कीटकनाशक झिरपलं की खाली लगेच फटका बसतो. २००० साली अमेरिकेने दोघांनाही संकटग्रस्त यादीत घातलं, आणि मला वाटतं ते फार आधी व्हायला हवं होतं कारण सगळी वस्ती जेमतेम १० चौरस किलोमीटरच्या लाव्हा पट्ट्यात आहे.

आता तुमच्या कोकणातल्या कोळ्याबद्दल. फोटोत डोळे न दिसणं म्हणजे डोळे नसणं नव्हे. नुकती कात टाकलेला कोळी फिकटच दिसतो, आणि गुहेच्या तोंडाशी लांब पायांचे फोल्सिड असतात त्यांना डोळे असतात पण वरून काढलेल्या फोटोत ते हरवतात. तो आत किती खोल होता, उजेड पोचत होता का, जाळ्यात होता की भिंतीवर मोकळा? समोरून काढलेला एखादा मॅक्रो असेल तर टाका. आणि परत गेलात तर पकडू नका, गुहेतल्या जाती एकेका ठिकाणच्याच असू शकतात, नमुना घ्यायचाच झाला तर वनखात्याची परवानगी असलेल्या संशोधकाला सोबत न्या.

रानवाटा:
अगदी आत नव्हता, उजेड थोडा येत होता, आणि भिंतीलगत विस्कळीत जाळं होतं. पाय लांबच लांब. समोरून काढलेला एक फोटो आहे पण जरा ब्लर आहे, संध्याकाळी टाकतो.

सुमेधा_क:
विस्कळीत जाळं आणि लांब पाय म्हणजे फोल्सिडची शक्यता बरीच दिसतेय. ब्लर असला तरी टाका, डोळे असतील तर काळे ठिपके तरी कळतीलच.