मदत हवी आहे : घरी येणाऱ्या मेडिकलच्या मुलांबद्दल

आम्ही तासगाव तालुक्यातले. कुटुंब दत्तक कार्यक्रमात (मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी गावातली काही घरं वाटून घेऊन तब्येतीवर लक्ष ठेवतात तो) एमबीबीएसची मुलं घरी येतात, बीपी-वजन बघून वहीत लिहून नेतात. परवा आईने त्यांच्यातल्या एका मुलीला सांगितलं, पायाला सूज येते म्हणून बीपीची गोळी बंद केलीय. आम्हाला घरात पत्ताच नव्हता! अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज येऊ शकते, पण मनाने थांबवू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या, असं ती पोरगी आईशेजारी बसून समजावत होती. फार बरं वाटलं.

त्या नोंदींची प्रत मागितली तर मिळते का? त्यांचे सर-मॅडम त्या बघून बोलावतात, की आपणच ओपीडीत जायचं? आणि पुढेही तीच मुलं येतात ना? आई नव्या माणसाजवळ तोंड उघडत नाही. मिरज-सांगलीकडे कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.